चाळीस पानांवर माझं नाव

शांताबाईंच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं राहायला आलो तेव्हा तिथं आधीपासून एक मोडकी बाज, एक पाटा-वरवंटा आणि एक खुडूक कोंबडी होती. बाज आणि पाटा आम्ही वापरायचा, पण पिल्लं निघेपर्यंत कोंबडीला उठवायचं नाही, अशी शांताबाईंची अट होती. गडचिरोलीत कॉलेजच्या पोरांना तेव्हा सहजासहजी खोली मिळत नसे, म्हणून आम्ही ती निमूट मान्य केली. त्यामुळे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा माझा पहिला अभ्यास एका कोंबडीच्या डोळ्यांसमोर झाला. मी मोठ्यानं वाचायला लागलो की ती पिसं फुलवून गुरगुरायची. मल्लेश म्हणायचा, "तिले समजून राह्यलं बे, म्हणून राग येते."

मल्लेश सिरोंच्याचा. त्याचे वडील गोदावरीत जाळं टाकायचे. तो आमच्याशी मराठीत, घरच्या माणसांशी आणि झोपेत तेलुगूत बोलायचा. त्याच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा सुकी मासळी जास्त असायची. पण हातात पेन्सिल आली की पानाची एकेक शीर अशी काढायचा की बघत राहावं. तिसरा सैनू. एटापल्लीच्याही पुढं, बस थांबते तिथून दोन तास चालल्यावर त्याचं माडिया लोकांचं गाव. कॉलेजात पोचलेला तो त्या गावातला पहिलाच. बोलणं कमी, हसणं पुष्कळ. आणि मी मिलिंद, मूलच्या पुढच्या धानाच्या बांध्यांमधल्या गावचा. बारावीला मी आमच्या शाळेत पहिला आलो होतो. आईनं विहारात पेढे वाटले. बाबा टपाल वाटायचे, त्यांनी त्या दिवशी प्रत्येक पत्रासोबत माझे टक्केही घरोघर पोचवले. ते टक्के माझ्या डोक्यात असे काही बसले होते की अभ्यास म्हणजे वहीवर आडवा हात ठेवून, शेजाऱ्याला दिसणार नाही असं लिहायची गोष्ट, एवढंच मला ठाऊक होतं.

बाकी आमचं बरं चाललं होतं. सकाळी हातपंपाच्या दांड्याच्या करकरीनं जाग यायची, मग पत्र्यावर कोंबड्यांची नखं वाजायची, मग शांताबाईंचा रेडिओ. स्टोव्हची पाळी लावलेली होती. माझ्या पाळीला भात आणि पातळ वरण, मल्लेशच्या पाळीला मासळीचा झणझणीत रस्सा, आणि सैनूच्या पाळीला काय असेल ते सांगता येत नसे. तो येता-जाता रस्त्याच्या कडेनं काहीतरी खुडून आणायचा. ज्या हिरव्या गोष्टीवरून आम्ही रोज चालत जायचो तिची भाजी होते, हे आम्हाला ताटात कळायचं. एकदा त्यानं घरून लाल मुंग्यांची चटणी आणली. मी तोंड वाकडं केलं आणि मग तीन दिवस भातासोबत तीच मागत राहिलो. शांताबाई दारातून ओरडायच्या, "पोट्टे हो, मले बी ठेवजा जराशी."

बॉटनीचे देव्हारे सर शिस्तीचे होते. त्यांनी वर्गाच्या तिघातिघांच्या तुकड्या पाडल्या. प्रत्येक तुकडीनं चाळीस वनस्पती गोळा करायच्या, वर्तमानपत्रात दाबून वाळवायच्या, जाड कागदावर चिकटवायच्या आणि खाली लेबल लावायचं: शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण, गोळा करणाऱ्याचं नाव. तिघांत फाईल एकच. सरांची सही प्रत्येकाच्या नावासमोर वेगळी, आणि सही नसेल तर वार्षिक प्रॅक्टिकलला बसायला मिळत नसे. म्हणजे वर्ष गेलं.

काम मी वाटून टाकलं. मला तेव्हा वाटत होतं की मी फार हुशारीनं वाटलं. सैनूनं झाडं आणायची आणि दाबायची, मल्लेशनं चित्रं काढायची, मी नावं शोधायची, लिहायची आणि पाठ करायची. ज्याला जे येतं ते त्यानं करावं, वेळ वाचतो. सैनू एकदाच म्हणाला होता, "मिल्या, हे लंबी-लंबी नावं मले बी सांग ना. एकेक रोज." मी म्हटलं, "सांगतो ना. आधी फाईल तर होऊ दे." वनस्पती दाबायला शांताबाईंचा पाटा लागायचा, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस त्यांच्या घरात चटणी वाटली जात नसे. वर्तमानपत्रं रोज बदलावी लागत. सैनू पहाटे उठून, ओल धरलेलं एकेक पान सोडवून, कोरड्या कागदात परत नीट पसरवून ठेवायचा. मी तेव्हा पांघरुणात असायचो.

पोळ्याच्या सुट्टीहून येताना त्यानं रास्ना आणली. झाडाच्या फांदीला धरून वाढणारं हे ऑर्किड. तपकिरी-पिवळी नक्षीची फुलं, पांढऱ्या जाडसर मुळ्या. त्यांच्या मोहाच्या झाडावर उंच होती, चढून काढली, दोन हातांत धरून बसमध्ये उभ्यानं आणली. मला ती दाखवताना त्याचा चेहरा मी पाहिला होता, म्हणून आज हे लिहिताना सबब सांगता येत नाही.

मार्चच्या सुरुवातीला फाईल दाखवायची होती. आदल्या दुपारी मी लेबलं लिहायला बसलो. माझं अक्षर चांगलं होतं. पहिल्या पानावर गोळा करणाऱ्याच्या जागी मी माझं नाव लिहिलं, कारण ते झाड खरंच मी आणलं होतं, कॉलेजच्या कुंपणावरून. दुसऱ्या पानावरही माझंच लिहिलं. तिसऱ्या पानाशी हात थांबला, हे मला स्वच्छ आठवतं. मग वाटलं, लेबल तर मी लिहितोय. मग वाटलं, कोण वाचतंय. मग काहीच वाटेनासं झालं आणि चाळीस पानं पूर्ण झाली.

मी आता चंद्रपूरच्या एका शाळेत शिकवतो. मुलांच्या गट-प्रकल्पांच्या फायली माझ्या टेबलावर येतात. पहिल्या पानावर चार नावं असतात आणि अक्षर एकाचं. मी फाईल उघडण्याआधी चौघांना उभं करतो आणि विचारतो, यात तुझं काय. मुलांना वाटतं, सर संशयी आहेत. आहेच. पण संशय त्यांचा नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी फाईल उलटायला सुरुवात केली. आम्ही तिघं टेबलासमोर ओळीत उभे, मी पुढे. पानं उलटत होती, मान हलत होती. रास्नाच्या पानाशी ते थांबले. चष्मा वर सरकवून वाकून बघितलं.

"वा. हे कोणी आणलं?"

"मी, सर."

"कुठं मिळालं?"

"गावाकडे, सर. मोहाच्या झाडावर होतं. चढून काढलं."

मला शिडीवरही धड चढता येत नाही. मल्लेशला ते माहीत होतं. तो खोकला. सरांनी पुढचं पान उलटलं. मग सैनूकडे बोट करून म्हणाले, "तू सांग. आताचं ते पान. नाव, कुळ?"

सैनूला रास्नेचं गोंडी नाव माहीत होतं, तिची मुळी कशावर उगाळून लावतात ते माहीत होतं, कोणत्या झाडावर ती जोमानं येते ते माहीत होतं. सर जे विचारत होते तेवढंच त्याला माहीत नव्हतं, कारण ते सांगायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं. सरांनी आणखी दोन पानं दाखवली. तो तसाच उभा.

"चाळीस पानं आहेत," सर म्हणाले. "एकाही पानावर तुझं नाव नाही, अन् तोंडातून एक शब्द नाही. लेबलं याची, चित्रं त्याची, मग या बॅचमध्ये तू करून काय राह्यला? या दोघांच्या सह्या मी करीन. तुझी नाही."

फाईल त्यांनी ठेवून घेतली. सह्यांचं काम अजून तीन आठवडे चालणार होतं. संध्याकाळी सैनूची स्टोव्हची पाळी होती. त्यानं भात केला, वांग्याची भाजी केली, आम्हाला वाढलं. सकाळी पिशवी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मोहफूल पडाले लागलं असन. जाऊन येतो." ट्रंक आणि अंथरूण खोलीतच होतं, म्हणून मी स्वतःला सांगितलं की तो येईल.

पाच दिवस झाले, तो आला नाही. दरम्यान मल्लेशनं माझ्याशी बोलणं बंद केलं होतं. तो त्याचा भात वेगळा शिजवायचा, एकाच स्टोव्हवर, माझा झाल्यानंतर. बोलायचंच झालं तर शांताबाईंशी बोलायचा, पण मला ऐकू जाईल असं. त्यांनी विचारलं, "तो तिसरा पोट्टा कुठी गेला?"

"गेला गावाले. आता इथी त्याचं काय काम, बाई? आमच्यात एकटे कलेक्टर साहेबच सारं गोळा करतात. झाडावर बी चढतात. तुमच्या पत्र्यावर चढवून पाह्यता का?"

शांताबाईंना काही कळलं नाही, पण त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काऊन रे, भांडले का? जाऊन आण मंग त्याले. तुमचं तुमी निस्तरा, माझा पाटा अडून राह्यला." पाट्याखाली सैनूनं जास्तीची म्हणून दाबून ठेवलेली दोन झाडं अजून होती. त्यांचे कागद पाच दिवस कोणी बदलले नव्हते. मी पाटा उचलला तर पानांना बुरशी आली होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरली.

आलापल्लीला बस बदलली, एटापल्लीच्या पुढं उतरलो आणि एका सायकलवाल्या भाऊच्या मागं बसून, उरलेलं चालून, ऊन उतरताना त्याच्या गावात पोचलो. सैनू अंगणात मोहफुलं पसरत होता. मला बघून त्याला आश्चर्य वाटलं असेल तर त्यानं दाखवलं नाही. "आला का," म्हणाला आणि पाण्याचा लोटा दिला. त्याच्या वडिलांनी जोहार केला, मला बाजेवर बसवलं आणि आंबील दिली.

"तुमची बी सुट्टी का, गुरुजी?" त्यांनी विचारलं. "सैनू म्हणते, परीक्षेच्या आधी सुट्टी देतात."

मी सैनूकडे बघितलं. तो खाली वाकून फुलांतला कचरा वेचत होता. मी म्हटलं, "हाव, बाबा. थोडी आहे." एक खोटं निस्तरायला गेलेला माणूस तिथं पोचल्याबरोबर दुसरं बोलला.

सैनूची मोठी बहीण बुधरीबाई घर चालवायची. मोठ्या आवाजाची, कामसू बाई. तिनं सांगूनच टाकलं, "उद्या तू बी वेचाले चल. बसून खाणारा पाहुणा आमाले परवडत नाई." आणि हसली.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही निघालो. मोहाखालची जमीन झाडून, पालापाचोळा जाळून चकचकीत केलेली असते, म्हणजे पडलेलं फूल दिसतं. फुलं वरून सुटून पडत होती, टप, मग जरा थांबून टप. सगळीकडे तो गोड, जड वास. सैनू आणि बुधरीबाई आपल्या झाडाखाली वाकली. मीही वेचू लागलो. थोड्या वेळानं बघितलं तर त्या दोघांच्या टोपल्या माझ्या दुप्पट भरल्या होत्या. मला ते सहन झालं नाही. जिथं जाईन तिथं पहिला यायची खोड होती. पलीकडे आणखी एक मोह होता, खाली फुलांचा सडा, आणि माणूस एकही नाही. मी तिकडे सरकलो आणि दोन्ही हातांनी भरत सुटलो. टोपली शिगोशीग भरून, घाम पुसत, बुधरीबाईसमोर आणून ठेवली.

"इतकं कुठलं आणलं?"

"त्या झाडाखालचं. तिथं कोणीच नव्हतं."

"कोणी नव्हतं, मंग झाड कोणाचं नाई का?"

तिथं जंगलातल्या प्रत्येक मोहाचं घर ठरलेलं असतं. कुंपण नसतं, पाटी नसते. पण आजोबाच्या आजोबापासून कोणत्या झाडाखाली कोण वाकायचं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि झाडाचा मालक दुपारी आला तरी त्याची फुलं तिथंच पडलेली असतात. मी ओशाळून म्हटलं, "परत ओतून येतो."

"ओतून नाई चालत. ज्यानं वेचलं त्यानं त्यायच्या घरी नेऊन द्यायचं. अन् सांगायचं, तुमच्या झाडाचं मी वेचलं."

ते घर एका म्हातारीचं होतं. मी टोपली घेऊन तिच्या अंगणात उभा राहिलो. तिला मराठी येत नव्हती, मला गोंडी. मी सैनूकडे बघितलं. तो कुडाला टेकून म्हणाला, "मी नाई सांगत. तू वेचलं, तू सांग." मग मी छातीवर हात ठेवला, वाकून वेचून दाखवलं, झाडाकडे बोट केलं, तिच्याकडे बोट केलं, टोपली पुढे केली आणि कान पकडले. म्हातारी आधी नुसती बघत राहिली. मग तिला असं हसू फुटलं की ती खालीच बसली. तिनं शेजारणीला हाक मारली आणि मला ते सगळं पुन्हा करायला लावलं. दुसऱ्या वेळी मी जरा चांगलं केलं. फुलं ओतून घेतल्यावर तिनं माझ्या रिकाम्या टोपलीत मूठभर भाजलेला मोह टाकला आणि पाठीवर थाप मारली.

एवढंच होतं ते. चूक सांगायची, माल द्यायचा, आणि समोरचं माणूस हसून खाऊ देतं. मी कॉलेजात शिकायला गेलो होतो, आणि हे मला कुठंच कोणी शिकवलं नव्हतं. परत येताना वाटेत मी मोह चघळत म्हणालो, "सैनू, त्या चाळीसही पानांवर मी माझंच नाव लिहिलं."

"मले मालूम आहे. मले इंग्रजी वाचता येते."

"मग तू बोलला काऊन नाई?"

"तू बोलाचा होता," तो म्हणाला. "सरांनी विचारलं तवा मी तुझ्याकडे पाह्यलं बी नाई. वाटलं, आता म्हणन, आता म्हणन. सरांनी पान उलटलं."

मी म्हटलं, मी सरांना सांगतो. तो म्हणाला, "अन् इथी? घरी?" तेव्हा त्याच दुपारी मी त्याच्या वडिलांसमोर बसून सगळं सांगितलं. सुट्टी नाही, सही अडली आहे, सही नाही झाली तर वर्ष जाईल, आणि ते माझ्यामुळं. बुधरीबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, "मंग सही होते का नाई?"

"होईल, बाबा."

"होईल असं नोको सांगू. पाहून मंग सांग."

हे प्रकरण लिहायच्या आधी मी सैनूला फोन केला होता. म्हटलं, सगळं लिहितोय, चालेल का. तो म्हणाला, "लिह. पण म्हातारीसमोर तू नाचला होता ते बी लिह." मी नाचलो नव्हतो. पण तो अजून सगळ्यांना तसंच सांगतो, आणि त्याला अडवायचा हक्क मला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गडचिरोलीत उतरलो आणि मल्लेशला घेऊन तसेच देव्हारे सरांकडे गेलो. प्रयोगशाळेत ते एकटेच होते. वाटेत मी वाक्य पाठ केलं होतं. तोंड उघडलं तर भलतंच बाहेर आलं. "सर, लेबलं लिहिताना जरा चूक झाली."

मागून मल्लेश म्हणाला, "चूक नाई सर. चूक असती तर दोन-चार लेबलावर असती."

मी आजही मल्लेशचा ऋणी आहे. त्या वाक्यानंतर लपायला जागाच उरली नाही. मग मी नीट सांगितलं. झाडं जवळजवळ सगळी सैनूनं आणली, वाळवली त्यानंच, नावं त्याला शिकवायची होती ती मी शिकवली नाहीत, आणि रास्ना मी आणली असं म्हणालो ते खोटं होतं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"लेबलं बदला," ते म्हणाले. "ज्यानं आणलं त्याचं नाव. पण," त्यांनी सैनूकडे पाहिलं, "नाव लागलं म्हणून सही होणार नाही. बाहेरून येणारा परीक्षक गोंडी नावाला मार्क देत नाही. आठ दिवसांनी तिघंही या. मी कोणालाही काहीही विचारीन. एक जण अडला तर तिघांचीही सही नाही." मग माझ्याकडे बघून, "तुझीही नाही."

पहिले दोन दिवस वाया गेले. मी सैनूसमोर चाळीस नावांची यादी ठेवली आणि म्हटलं, पाठ कर. माझा अभ्यास तसाच चालायचा. तो पाठ करायचा आणि सकाळी विसरायचा. मी वैतागायचो. तिसऱ्या दिवशी स्टोव्हवर मल्लेश होता. कांदा परतता परतता त्यानं विचारलं, "पण पळसाच्या नावात ते मोनोस्पर्मा काऊन आहे बे?" मला सांगता येईना. नाव पाठ होतं, अर्थ कधी बघितलाच नव्हता. पुस्तक काढलं: शेंगेत एकच बी. सैनू लगेच म्हणाला, "हाव, बरोबर. टोकाले एकच राह्यते." आणि ते नाव तो पुन्हा कधी विसरला नाही.

तिथून आमची रीत बसली. ज्याची स्टोव्हची पाळी त्यानं विचारायचं, बाकी दोघांनी सांगायचं. स्वयंपाक करणाऱ्याचे हात गुंतलेले, पुस्तकाकडे बघता येत नाही, धुरानं डोळे चुरचुरतात, त्यामुळे त्याला अर्धवट उत्तर चालत नाही. त्याला समजेपर्यंत सांगायचं. सकाळी सैनू आम्हाला गावाबाहेरच्या जंगलात न्यायचा. आधी झाड, मग त्याची त्यांच्याकडची गोष्ट, आणि मग मी त्या गोष्टीला शास्त्रीय नाव जोडायचो. तेव्हा कळलं की लेबल झाकलं तर मला ऐन कुठला आणि धावडा कुठला हेही धड सांगता येत नव्हतं. मी चाळीस नावं ओळखत होतो, झाडं मोजून सहा. संध्याकाळी शांताबाई लसूण सोलत दारात बसायच्या आणि मधेच म्हणायच्या, "काल तं याचं वेगळंच नाव सांगितलं होतं तुनं." त्यांची चूक निघायची नाही. शेवटी आम्ही असा नियम केला की दुसऱ्याला शिकवून झालं नाही तोवर आपल्याला आलं असं म्हणायचं नाही. आज मी माझ्या वर्गात मुलांना अभ्यास कसा करायचा ते सांगतो, ते एवढंच आहे. त्यात पुढच्या तीस वर्षांत मी काही भर घातली नाही.

आठव्या दिवशी सरांनी मल्लेशपासून सुरुवात केली. तो सुटला. मग सैनू. पहिली दोन पानं त्यानं सांगितली, नाव, कुळ, सावकाश, एकेक अक्षर दगडावर पाय ठेवून ओढा ओलांडावा तसं. तिसऱ्या पानाला तो थांबला. चारोळीचं झाड. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं, आणि मी दात आवळून उभा होतो. उत्तर माहीत असून गप्प राहणं मला आयुष्यात पहिल्यांदा जड गेलं. सैनूनं डोळे मिटले, ओठांत गोंडी नाव घेतलं, आणि मग बाहेर आलं, "बुकनानिया, सर." सर म्हणाले, "आणखी काय माहीत आहे याच्याबद्दल?" सैनू बोलायला लागला. फळ कधी पिकतं, बी कसं फोडतात, साल कशाला लागते, कोणती पाखरं आधी येतात. सरांनी खिशातलं पेन काढून एका कागदावर लिहून घ्यायला सुरुवात केली. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. आधी मत्सर वाटला. सर माझं बोलणं कधी लिहून घेत नव्हते.

त्यात मी असतानाच सरांनी फाईल बाजूला ठेवली आणि टेबलाच्या खणातून पानं झडलेली एक फांदी काढून माझ्या हातात दिली. तिला लांब वाळक्या शेंगा लोंबत होत्या. "हे?"

"कुडा, सर. होलार्हेना."

सरांनी पेनचं टोपण लावलं. मी बाजूला बघितलं. मल्लेश छताकडे बघत होता. सैनू माझ्याकडे बघत होता, सरळ, पण ओठ घट्ट मिटलेले. अडलो होतो तो मी, आणि सही तिघांची जाणार होती. मी फांदी पुन्हा हातात फिरवली. मग आदल्या दिवशीची वाट आठवली. सैनूनं अशीच फांदी खाली ओढून मल्लेशच्या केसांवर घासली होती आणि म्हणाला होता, "याच्या लाकडाच्या कंगव्या करतात. कुड्यासारखा दिसते, पण कुडा नाई. याच्या दोन शेंगा टोकाले चिपकून राह्यतात." मी शेंगांची टोकं बघितली. जोडलेली होती.

"चुकलो, सर. काळा कुडा आहे. राइटिया. शेंगा टोकाशी जुळलेल्या आहेत, कुड्याच्या सुट्या असतात. हे मला पुस्तकातून आलेलं नाही, सर. सैनूनं दाखवलं."

सरांनी फांदी परत घेऊन शेंगांची टोकं बघितली. मग त्यांनी टोपण काढलं आणि तीन नावांसमोर तीन सह्या केल्या. सैनूची सही करताना निब जरा जोरात दाबली गेली आणि शेवटच्या अक्षराशी शाईचा थेंब साचला. मी फाईल मिटायला गेलो तर सैनूनं माझा हात धरला. "थांब बे. ओली आहे." त्यानं फाईल तशीच उघडी दोन्ही हातांवर घेतली आणि आम्ही व्हरांड्यात आलो. बाहेर गरम वारा होता, सही कधीच वाळली असती. पण तो थेंब पसरेल या भीतीनं आम्ही तिघं आळीपाळीनं त्यावर फुंकर घालत, पायरी चुकवत, एकमेकांना धक्के देत, फाटकापर्यंत गेलो.